काळी फीत चालेल, चेहरे नकोत

१२ फेब्रुवारीच्या दुपारी भाच्याने मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. "मामू, ये देखो. मुंडी आगे करके जा रहा. पागल है क्या?"

स्क्रीनवर इटलीतलं कोर्तिना होतं. बर्फाच्या नळीतून एक माणूस पालथा पडून, डोकं पुढे करून सुसाट खाली येत होता. हिवाळी ऑलिम्पिकमधली पुरुषांची स्केलेटन शर्यत सुरू झाली होती. आमच्या घरात हिवाळी ऑलिम्पिक कधी कोणी पाहिलं नाही. यंदा भाचा पाहत होता, कारण दोन-तीन दिवस त्याच्या मोबाईलवर एका हेल्मेटचे व्हिडिओ फिरत होते. युक्रेनच्या व्लादिस्लाव हेरास्केविच या खेळाडूच्या हेल्मेटवर माणसांचे चेहरे छापलेले होते.

"वो हेल्मेटवाला कब आता?" त्याने विचारलं.

तो येणार नव्हता. शर्यत सुरू होण्याआधीच त्याला बाद केलं होतं.

हेल्मेटवरचे चेहरे युक्रेनच्या खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे होते. वीसहून अधिक. सगळे रशियाने लादलेल्या युद्धात मारले गेलेले. त्यांत अलिना पेरेहुदोवा ही किशोरवयीन वेटलिफ्टर होती. पाव्लो इश्चेन्को हा बॉक्सर होता. आइस हॉकी खेळणारा ओलेक्सी लोगिनोव होता. फिगर स्केटर द्मित्रो शारपार होता, जो २०१६ साली लिलेहामरच्या युवा ऑलिम्पिकला हेरास्केविचच्याच संघात गेला होता. एकाच संघातून गेलेली ही दोन मुलं. दहा वर्षांनी एक कोर्तिनाच्या ट्रॅकवर उभा होता आणि दुसरा त्याच्या हेल्मेटवर होता.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं म्हणणं थोडक्यात असं : सरावात हे हेल्मेट घातलंस, ठीक. पत्रकारांसमोर दाखव, सोशल मीडियावर टाक, आमची हरकत नाही. पण प्रत्यक्ष शर्यतीत, म्हणजे खेळाच्या मैदानात, ते चालणार नाही. हवं तर दंडावर काळी फीत बांध. तिच्यावर काही लिहिलेलं नको.

हेरास्केविचने फीत नाकारली. समितीच्या अध्यक्षा कर्स्टी कोव्हेन्ट्री शर्यतीच्या सकाळी स्वतः ट्रॅकवर जाऊन त्याला भेटल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. निर्णय मात्र बदलला नाही. दुसऱ्या दिवशी क्रीडा लवादानेही त्याचं अपील फेटाळलं.

हा विषय मी का घेतला, असं काही वाचकांना वाटेल. आपला ना बर्फाशी संबंध, ना युक्रेनशी. पण गेले काही दिवस माझ्या डोक्यातून ती काळी फीत जात नाही. काही न लिहिलेली फीत.

आधी थोडं या खेळाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय हेल्मेटचं महत्त्व कळणार नाही. स्केलेटन म्हणजे सांगाडा. हे नाव कसं पडलं याबद्दल एकमत नाही, पण ती बर्फावरची गाडी पाहिली की नाव पटतं. नुसती पाठीची फळी आणि खाली दोन पोलादी दांड्या. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. खेळाडू वाकून, एका हाताने गाडी ढकलत जीव खाऊन पळतो आणि तिच्यावर पालथा झोकून देतो. मग ताशी १२०-१३० किलोमीटरच्या वेगाने, हनुवटी बर्फापासून चार बोटांवर, खांद्याने आणि गुडघ्याने किंचित दाब देत वळणं काढायची. दोन दिवसांत चार फेऱ्या. चारही वेळांची बेरीज. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचा.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झला हिवाळा घालवायला जाणाऱ्या श्रीमंत ब्रिटिश पाहुण्यांच्या साहसातून हा खेळ आला. १८८० च्या दशकात त्यांनी तिथे क्रेस्टा रन हा बर्फाचा उतार तयार केला. १९२८ आणि १९४८ ची हिवाळी ऑलिम्पिक सेंट मॉरित्झलाच झाली, म्हणून त्या दोन वेळा हा खेळ ऑलिम्पिकमध्ये होता. नंतर गायब झाला. परतला तो थेट २००२ मध्ये, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला. ५४ वर्षांनी.

आता हेल्मेट. स्केलेटनमध्ये खेळाडूचं तोंड कोणाला दिसत नाही. अंगाला चिकटलेला सूट, पालथं शरीर, आणि कॅमेऱ्याकडे येणारी एकच गोष्ट : डोकं. क्रिकेटमध्ये आपण खेळाडूला चालीवरून ओळखतो. इथे हेल्मेटवरून ओळखायचं. त्यामुळे या खेळात हेल्मेट रंगवून घेण्याची रीतच आहे. दक्षिण कोरियाचा युन सुंग-बिन आयर्न मॅनचं हेल्मेट घालायचा. २०१८ साली प्याँगचांगला, त्यांच्या चांद्र नववर्षाच्या दिवशी, त्याच हेल्मेटमध्ये त्याने सुवर्ण जिंकलं आणि ते हेल्मेट जगभर गाजलं. त्याच स्पर्धेत घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग होता. लहानपणी घानातून नेदरलँडला गेलेला, अनेक वर्षं कागदपत्रांविना राहिलेला मुलगा. त्याच्या हेल्मेटवर सिंहाच्या जबड्यातून निसटणारा ससा रंगवला होता. तो ३० पैकी ३० वा आला आणि शर्यत संपल्यावर नाचला. लोकांना तो ससा फार आवडला. आपल्या आयुष्याची गोष्ट त्याने डोक्यावर घेतली होती, आणि त्याला कोणी म्हटलं नाही की बाबा, ही तुझी गोष्ट मैदानाबाहेर सांग.

म्हणजे हेल्मेटने बोलायला हरकत नव्हती. काय बोलायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि याच खेळात मृतांची आठवणही आली होती. २००२ ची ती शर्यत अमेरिकेच्या जिम शी याने जिंकली, अवघ्या पाच शतांश सेकंदाने. शी घराण्याची ही तिसरी ऑलिम्पिक पिढी. आजोबा जॅक शी यांनी १९३२ साली लेक प्लॅसिडला स्पीड स्केटिंगमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली होती. नातवाची शर्यत पाहायला ते जाणार होते. स्पर्धा सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, वयाच्या ९१ व्या वर्षी, मोटार अपघातानंतर ते वारले. जिमने त्यांच्या अंत्यविधीच्या वेळचं, त्यांचा फोटो असलेलं कार्ड हेल्मेटच्या आत ठेवलं. शर्यत संपली, जिंकल्याचं कळलं, तसं त्याने हेल्मेट काढून तो फोटो बाहेर काढला आणि कॅमेऱ्यांसमोर धरला. अमेरिका रडली. आजही ऑलिम्पिकच्या हृद्य क्षणांची यादी निघाली की हा क्षण असतोच.

एका मृताचा फोटो हेल्मेटच्या आत. वीसेक मृतांचे चेहरे हेल्मेटच्या बाहेर. पहिल्याला टाळ्या, दुसऱ्याला घरचा रस्ता.

कोणी म्हणेल, तुलना बरोबर नाही. आजोबा अपघातात गेले, त्यात राजकारण कुठलं? बरोबर. पण मग नीट पाहा, नियम शोकाबद्दल नाहीच. नियम मारणाऱ्याबद्दल आहे. माणूस अपघातात किंवा आजाराने गेला असेल तर त्याचा फोटो ही भावना. त्याला कोणी मारलं असेल तर तोच फोटो राजकारण. मृत्यू जितका अन्यायाचा, तितकी त्याची आठवण काढणं अवघड. मला हा न्याय उलटा वाटतो.

गंमत अशी की हेरास्केविच या ट्रॅकवर नवखा नव्हता आणि ऑलिम्पिक समितीलाही तो नवा नव्हता. २०२२ साली बीजिंगला, रशियाचं सैन्य युक्रेनच्या सीमेवर जमा झालं असताना, त्याने शर्यत संपल्यावर कॅमेऱ्यासमोर एक कागद धरला होता. त्यावर युक्रेनमध्ये युद्ध नको, एवढंच लिहिलं होतं. तेव्हा समिती म्हणाली, हे शांततेचं सर्वसाधारण आवाहन आहे, विषय संपला. दोन आठवडेही गेले नाहीत तोवर हल्ला झाला. म्हणजे युद्ध व्हायच्या आधी युद्ध नको म्हणणं चाललं. युद्ध झाल्यावर त्यात मेलेल्यांचे चेहरे दाखवणं चाललं नाही. पहिल्यात कोणाचं नाव नव्हतं, म्हणून ते 'सर्वसाधारण' होतं. दुसऱ्यात एकेकाचं नाव घेता येत होतं.

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. मोठ्या संस्थांना शोक चालतो. त्यांना माणुसकी नाही असं मी म्हणणार नाही. कोव्हेन्ट्रीबाईंचे अश्रू खोटे होते असं मला वाटत नाही. पण त्यांना चालणारा शोक बिनचेहऱ्याचा असतो. काळी फीत सांगते, कोणीतरी गेलं. कोण गेलं, किती वर्षांचं होतं, कशाने गेलं, हे ती सांगत नाही. म्हणून ती सगळ्यांच्या सोयीची. अगदी मारणाऱ्याच्याही सोयीची. तोही उद्या तीच फीत बांधून उभा राहू शकतो.

गेल्या ऑगस्टची गोष्ट आठवा. 'पॅलेस्टाईनचा पेले' म्हणून ओळखला जाणारा सुलेमान अल-ओबैद गाझात मदत घ्यायला थांबला असताना मारला गेला. युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याला श्रद्धांजली वाहिली. चांगले शब्द होते. फक्त तो कसा मेला, ते त्यात नव्हतं. मोहम्मद सलाहने जाहीरपणे विचारलं की तो कसा, कुठे आणि का मेला, तेही सांगा ना. तो प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी स्टेटसला ठेवला होता. मीही ठेवला होता. ती श्रद्धांजलीसुद्धा एक काळी फीतच होती.

आता माझ्या मित्रांकडे येतो, कारण हा लेख खरं तर त्यांच्याशी झालेल्या भांडणातून निघाला आहे.

आमचा कॉलेजच्या मित्रांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. हेरास्केविचची बातमी मी तिथे टाकली. दहा मिनिटांत एकाचं उत्तर आलं : गाझात हजारो मेले तेव्हा कुठं होतं हे हेल्मेट? दुसरा म्हणाला, गोरा आहे म्हणून जग रडतंय, आपला असता तर बातमीही आली नसती. तिसऱ्याने लिहिलं, रशियाला बाहेर काढलं, इस्रायलला का नाही काढलं, त्याचं उत्तर आधी दे. मग अंगठ्यांचा पाऊस.

यातलं काहीच खोटं नाही. २०२२ नंतर रशियन खेळाडूंना ध्वज आणि राष्ट्रगीत सोडून, 'तटस्थ' म्हणून, तेही निवडक खेळांत, यावं लागलं. इस्रायलच्या बाबतीत असं काही झालं नाही. हे दोन मापांनी तोलणं आहे आणि ते डोळ्यांना दिसतं. पण त्यावरून माझे मित्र ज्या ठिकाणी पोचले तिथे मला जाववत नाही. आपल्या मृतांना जागा मिळाली नाही, म्हणून त्यांच्याही मिळू नये, असा त्याचा अर्थ होतो. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की त्या हेल्मेटला मैदानात परवानगी मिळाली असती, तर उद्या पॅलेस्टाईनच्या एखाद्या खेळाडूला अल-ओबैदचा चेहरा घेऊन उतरताना त्याच निर्णयाचा आधार मिळाला असता. आता उलटा निर्णय कायम झाला आहे. तो सगळ्यात आधी कोणावर वापरला जाईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

उत्तर आलं नाही. एकाने गुड नाइटचं चित्र टाकलं.

आणि हे नुसतं 'उद्या' नाही, आपल्या ओळखीच्या खेळात हे होऊन गेलंय. डिसेंबर २०२३ मध्ये पर्थ कसोटीच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने सरावात बुटांवर दोन वाक्यं लिहिली होती : सगळ्या जिवांची किंमत सारखी, आणि स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे. त्यात गाझाचं नावही नव्हतं. आयसीसीने ते बूट सामन्यात घालू दिले नाहीत. मग ख्वाजा दंडाला काळी फीत बांधून खेळला. त्याबद्दल त्याला समज मिळाली. पुढच्या कसोटीसाठी त्याने शांततेचं कबूतर मागितलं, तेही नाकारलं. शेवटी बुटांवर आपल्या दोन मुलींची नावं लिहून तो मेलबर्नला उतरला.

म्हणजे बघा, कोर्तिनात जी काळी फीत समजूतदार तडजोड म्हणून पुढे केली गेली, ती पर्थमध्ये गुन्हा होती. फीत तीच. ती कोणी बांधली आणि तिच्यामागे कोणाचे मृत असावेत असा संशय आला, एवढाच फरक.

आपल्या देशात यावर चर्चा करताना एक अडचण येते. २०१९ च्या मार्चमध्ये पुलवामाच्या शहिदांसाठी भारतीय संघ रांचीला लष्करी टोप्या घालून खेळला, आयसीसीने परवानगी दिली होती. त्याच वर्षी विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवरचं 'बलिदान' चिन्ह मात्र काढायला लावलं. तेव्हा धोनीच्या बाजूने पोटतिडकीने बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण ख्वाजाच्या वेळी म्हणाले, खेळात राजकारण नको. आणि धोनीच्या वेळी 'नियम म्हणजे नियम' म्हणणारे आमच्यातले काही जण ख्वाजाच्या वेळी अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोलत होते. प्रत्येकाला आपले मृत ही माणसं वाटतात आणि दुसऱ्याचे मृत हे राजकारण वाटतं.

मी स्वतःलाही यातून सोडत नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२४ ला, मनिझा तलाश नावाची अफगाण मुलगी निर्वासितांच्या संघातून ब्रेकिंग या नृत्यप्रकारात उतरली होती. नाचताना तिने पाठीवरचं कापड उलगडलं, त्यावर अफगाण स्त्रियांना मुक्त करा असं लिहिलं होतं. तिला बाद ठरवलं. कारण तेच, खेळाच्या जागेत राजकीय संदेश. मी ती बातमी वाचली, हळहळलो आणि पुढे गेलो. एक ओळ लिहिली नाही. का लिहिली नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तालिबानवर बोललं की इथले लोक आनंदाने ते उचलून आपल्याच अंगावर फेकतात. त्यांच्या हाती कशाला कोलीत द्या, असा विचार केला. त्या पोरीने आपलं ऑलिम्पिक पणाला लावलं आणि मी माझी सोय पाहिली. मग मित्रांना कुठल्या तोंडाने विचारू, युक्रेनवर गप्प का?

नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. समितीचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. जगात आज कितीतरी ठिकाणी माणसं मारली जातायत. प्रत्येक खेळाडू आपापले मृत घेऊन उतरला तर सुरुवातीच्या रेषेवर शत्रू म्हणूनच उभे राहतील. एखादा आपल्या सरकारच्या दबावाखाली, मनाविरुद्धही, चेहरे आणि घोषणा घेऊन येईल. ज्याने नकार दिला त्याचं घरी काय होईल? ही भीती खरी आहे. समितीच्या खेळाडू आयोगाने २०२१ साली साडेतीन हजारांहून अधिक खेळाडूंचं मत घेतलं होतं, त्यात बहुतेकांनी मैदानात आणि पदक देताना असं काही नको असंच सांगितलं. आणि मैदानाबाहेर सवलत असते हेही खरं. पॅरिसच्या उद्घाटनाला पॅलेस्टाईनचा बॉक्सर वसीम अबू सल जो शर्ट घालून ध्वज घेऊन उभा होता, त्यावर मुलांवर बॉम्ब टाकणारी विमानं भरतकामात काढलेली होती. त्याला कोणी घरी पाठवलं नाही.

हे सगळं मान्य करूनही मला ती रेषा पटत नाही. घोषणा आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेरास्केविचच्या हेल्मेटवर रशियाचं नाव नव्हतं, शिवी नव्हती, मागणी नव्हती. चेहरे होते, आणि ते चेहरे खेळाडूंचे होते. ऑलिम्पिकने ज्यांना आपलं कुटुंब म्हणायचं, त्यातलेच. हा चेहरा पाहून कोणाला राजकारण आठवत असेल तर दोष चेहऱ्याचा कसा? आणि ज्याला हेल्मेटवर सरकारी घोषणा छापायची सक्ती होईल त्याला वाचवण्यासाठी घोषणांवर बंदी पुरे. मृत सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर कशाला?

शिवाय 'मैदानाबाहेर दाखवा' याचा अर्थ स्केलेटनमध्ये काय होतो? या माणसाचं मैदान म्हणजे चार वेळा मिळणारं एकेक मिनिट. त्या मिनिटात त्याचं डोकं सोडून जगाला काही दिसत नाही. उरलेल्या चार वर्षांत त्याच्याकडे कोण बघतं?

ऑलिम्पिक समितीला स्वतःचा इतिहास माहीत आहे, हे आणखी वाईट. १९७२ ला म्युनिकमध्ये इस्रायलच्या ११ खेळाडू-प्रशिक्षकांची हत्या झाली. त्यांच्या बायका-मुलांनी वर्षानुवर्षं एकच मागणी केली, उद्घाटन सोहळ्यात एक मिनिट त्यांच्यासाठी उभे राहा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत, म्हणजे ४० वर्षं झाली तरी, नकार आला. मागणी मान्य झाली ती टोकियोला, २०२१ मध्ये. ४९ वर्षांनी. तेव्हा त्या विधवा म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, आणि काही वाचकांना ते आवडणार नाही हे ठाऊक असूनही लिहितोय. त्या बायकांची मागणी आणि गाझातल्या फुटबॉलपटूच्या बायकोची मागणी, यांत मला तरी फरक करता येत नाही. नाव घ्या, एवढंच तर ती मागणी आहे.

कोर्तिनाच्या त्या ट्रॅकला एउजेनिओ मोंती याचं नाव आहे. जुना ट्रॅक २००८ साली बंद पडला होता, या ऑलिम्पिकसाठी तो नव्याने बांधला. मोंती हा इटलीचा बॉबस्ले खेळाडू. १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश जोडीच्या गाडीचा बोल्ट तुटला, तेव्हा त्याने आपल्या गाडीचा बोल्ट काढून त्यांना दिला. ते जिंकले, मोंती तिसरा आला. खेळभावनेसाठीचं पिअर द कुबेर्तें पदक सगळ्यात आधी त्यालाच मिळालं. त्या माणसाच्या नावाच्या ट्रॅकवर हे घडलं. याहून जास्त मी बोलत नाही.

शर्यत ब्रिटनच्या मॅट वेस्टनने जिंकली. त्याच्या देशाच्या कुठल्याही पुरुषाला स्केलेटनमध्ये याआधी सुवर्ण मिळालं नव्हतं. चारही फेऱ्या अप्रतिम होत्या आणि त्याच्या पदकाला या वादाची सावली लागू नये असं मला मनापासून वाटतं. हेरास्केविचला त्याच्या राष्ट्राध्यक्षांनी सन्मान दिला. तो पदकाचा दावेदार होता की नव्हता, यावर जाणकार वाद घालतील. गेल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा होता. म्हणजे गमावण्यासारखं त्याच्याकडे काहीतरी होतं.

त्या दुपारी आमच्याकडे शबे-बरात होऊन आठवडा उलटला होता. शबे-बरातला मी भाच्याला पहिल्यांदा कब्रस्तानात नेलं. आमच्याकडच्या बहुतेक कबरी कच्च्या, दगड नाही, पाटी नाही. माझ्या वडिलांनी मला ज्या पद्धतीने शिकवलं तशीच मी त्याला खूण सांगितली. भिंतीपासून तिसरी, बाभळीच्या अंगाला, ती दादीची. तिच्या पायथ्याशी लहान आहे ती तुझ्या मावशीची, चार महिन्यांची होती. त्याने विचारलं, नाव क्या था? मला पटकन आठवलं नाही. रात्री घरी येऊन आईला विचारावं लागलं. आईला आठवलं. पन्नास वर्षांपूर्वीचं, चार महिन्यांच्या मुलीचं नाव तिने असं सांगितलं, जणू ती आतल्या खोलीत झोपलीय.

ट्रॅकवर दुसरा कोणी खाली येत होता. भाच्याने शर्यत बंद केली आणि हेल्मेटचा तो जुना व्हिडिओ पुन्हा लावला. एका ठिकाणी थांबवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"मामू, ये छोटी कौन है?"

"अलिना," मी म्हटलं. "वेटलिफ्टर थी. मारियुपोल की."

"कित्ते साल की?"

"तुझ्याएवढी असेल."

तो मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, इसके बाजूवाले का नाम बताओ.